भावजी, तुमचा अंगठा उशिरा पडला

त्या दिवशी घाटावर कोण कोण व्हतं ते आधी सांगते. तुमी व्हता, हातात घड्याळ घेऊन. मी व्हते, तुमच्या अगदी शेजारी, कमरेला पाण्याची कळशी. आमचं मालक व्हतं, मंगलचं वडील, दगडावर बसल्यालं. शाळेतलं खेळाचं सर व्हतं. रेघेवर झेंडा घेऊन शिवराम व्हता, शर्यतीला ज्यो झेंडा पाडायचा त्योच. शाळेच्या पोरी व्हत्या, लाल रिबिनी बांधल्याल्या. बाभळीखाली पलीकडच्या गावचं पाहुणं बसलं व्हतं, आन् त्येंचा बाज्या खोंड तिथंच बांधल्याला. आन् माझी मंगल व्हती, अनवाणी.

एवढी माणसं व्हती, भावजी. त्यातली काही वर गेली, आता तुमी बी गेला. पण काही हायेत अजून. म्हणून नावं घेतली.

घाट म्हंजी आमच्याकडं बैलगाडा पळवायची चढाची वाट. ऋतुजा म्हणती, शहरातली लोकं बी वाचतील, सांगून ठेव. सांगितलं.

दहावा झाला आन् दुसऱ्या दिवशी संतोष आला, तुमचा थोरला. म्हणला, "मोठ्याई, दादांच्या नावानं शर्यत भरवतोय. आठवणींचं पुस्तक बी काढतोय, घाटावर वाटायला. सगळ्यात जुनं माणूस तूच. दोन शब्द सांग." मी म्हणले, "सांगते." चपला घालता घालता म्हणला, "चांगलं सांग हां." मी म्हणले, "खरं सांगते. ते चांगलं का वाईट ते तुझं तू बघ." त्यो हसला. त्येला वाटलं म्हातारी गंमत करतीय.

म्हणून आज बसलीय. मी बोलतीय आन् मंगलची पोरगी, आपली ऋतुजा, मोबाईलवर लिहून घेतीय. तिच्या मनगटावर ते घड्याळ हाय, आपण समद्यांनी पिंपळे सौदागरला जाऊन घेतल्यालं. मधी मधी ते थरथरतं. म्हणतंय उठा, हला. मी म्हणले, बस गप, माझं व्हायचंय अजून.

तुमाला आज 'तू' म्हणायचं मनात व्हतं. लई वाटलं, एकदा तरी म्हणावं. पण जीभ वळत न्हाई. जन्मभर 'तुमी' म्हणलं, ते काय मेल्यावर सुटतंय व्हय. तर तुमीच म्हणते. त्येचा अर्थ मान दिला असा कोणी धरू नये.

मी ह्या घरात लग्न होऊन आले तवा तुमी नाक गळतं पोर व्हता. सासूबाई अंथरुणावर. तुमाला न्हाऊ घातलं मी, दुधात भाकरी कुस्करून दिली मी. गोठ्यातलं वासरू जवळ येत न्हवतं म्हणून रडायचा, तवा जिभेनं टच् टच् कसं करायचं ते बी मीच शिकवलं. वासरू आलं. तुमी एवढं खूश झाला की ती खोड जन्माची लागली. पुढं मोठं झाला, घाटावर शर्यतीचं घड्याळ धरायला लागला, अंगठ्यानं दाबून चालू-बंद करायचं, तवा बी तेच. झेंडा पडला की अंगठा दाबायचा, आन् दाबताना जीभ वाजायची. टच्. तुमाला सवता ठावं न्हवतं. मला ठावं व्हतं.

तुमच्या घड्याळाला पंचक्रोशीत मान व्हता, हे मी झाकणार न्हाई. कोणाचा गाडा आधी आला ह्यावर लोकांची डोकी फुटायची. मंग कोणीतरी म्हणायचं, "किसनचं घड्याळ काय म्हणतंय?" तुमी सांगितलं की भांडण तिथंच मिटायचं. मी बायकांत बसून मनात म्हणायचे, माझ्या हातचं जेवून मोठं झाल्यालं पोरगं हाय ते.

म्हणून तर लागलं, भावजी. परक्यानं केलं असतं तर एवढं लागलं नसतं.

शाळेत तसलं घड्याळ न्हवतं. सरांनी तुमाला बोलावलं. त्येंनी पोरींना सांगितलं व्हतं, जी ठरल्याल्या वेळेच्या आत येईल तिला जिल्ह्याला नेणार, आन् तिथं बी चांगली पळाली तर पुण्याला खेळाच्या वसतिगृहात ठेवणार. खाणं, ऱ्हाणं, शाळा, समदं तिथंच. मंगल नववीत व्हती. तिला कोणी पळायला शिकवलं न्हवतं. सकाळी शेतात भाकरी पोचवायची, तिथनं पळत शाळेत, शाळेतनं पळत जनावरांकडं. तिला चालताना मी क्वचितच बघितलं आसंल.

मी पोरींना पाणी पाजायला आल्ते. मंगल पळाली. मी तुमच्या कोपराला कोपर लागंल एवढ्यावर उभी व्हते. तिनं रेघ ओलांडली, शिवरामचा झेंडा पडला. ती पुढं जाऊन थांबली. गुडघ्यावर हात ठेवून वाकली. वेणी पुढं आली, ती तिनं मागं टाकली. मान वर करून माझ्याकडं बघून हसली.

आन् मंग माझ्या कानापाशी वाजलं. टच्.

तुमी घड्याळ सरांपुढं धरलं. "न्हाई बसत सर. थोडक्यात गेली." सरांनी बघितलं, मान हलवली. मी म्हणले, "भावजी, पोर कवाची आली की." तुमी समद्यांपुढं हसला. म्हणला, "वहिनी, घड्याळ कळतं का तुमाला?" बाभळीखालनं पाहुणं बी हसलं. मालक म्हणलं, "तू पाणी वाट." मी पाणी वाटलं.

घड्याळ मला खरंच कळत न्हवतं. पण झेंडा कळत व्हता, आन् तुमची जीभ कळत व्हती.

थोड्याच दिवसांत त्या पाहुण्याच्या पोराशी मंगलची सोयरीक जमली. आन् बाज्या आपल्या गोठ्यात आला. लगीन व्हायच्या आधीच आला. लोकं म्हणली, सोयरीक लई गोड हाय, खोंड सुदीक दिला. मी गोठ्यात त्येला सरकी घालत व्हते तवा मला समजलं की तुमी त्येच्यावर कवाधरनं डोळा ठेवून व्हता, आन् पाहुणं त्येला कोणाला देत न्हवतं. सोयऱ्याला दिला.

बैलाचा काय दोष. गुणी जनावर व्हतं. माझ्या हाताला डोकं घासायचं. त्येनं घाट गाजवला, गुलालानं तुमचं अंगण लाल केलं. आजबी तुमच्या घरात देवाच्या शेजारी त्येचा फोटो हाय, हार घातल्याला. मंगलचा फोटो तुमच्या घरात एक बी न्हाई. मी दर सणाला येते, दर सणाला बघते.

मंगलचं पुढं काय झालं ते तुमाला ठावं हाय, मी दुसऱ्यांसाठी सांगते. जावई वाईट न्हवता. कंपनीत प्रेसच्या मशीनखाली त्येची बोटं गेली, कंपनीनं घरी बसवला, बसून बसून त्यो खचला आन् गेला. मंगल ऋतुजाला घेऊन माझ्याकडं आली. आता चाकणला एका कंपनीत गाड्यांच्या वायरी जोडायच्या लाईनवर उभी असती. पूर्ण शिफ्ट उभी. घरी आली की पाय बादलीत घालती. ज्या पायांनी... असू दे. ते ऋतुजाला लिहू नको म्हणले, तिनं लिहिलंच.

आता घड्याळाचं.

ऋतुजाला कामाला लागल्यावर हे नवीन येड लागलं. आधी पोहायचं, पाण्यातनं निघालं की सायकल, सायकलवरनं उतरलं की पळायचं, मधी थांबायचं न्हाई. तुमाला सांगितलं तवा तुमी म्हणला, "एका माणसानं तीन बैलांचं काम करायचं म्हंजी." पण आतनं तुमाला लई आवडलं. पोरगी पहाटे टेकडीवर पळायची तर तुमी निगडीपर्यंत बसनं येऊन बघत उभं ऱ्हायचा. "आपल्या रक्तातच हाय," म्हणायचा. मी ऐकायचे. रक्तात हाय हे तुमाला आधीपासनं ठावं व्हतं, त्येच तर मला बोचायचं.

मंग ती म्हणली घड्याळ घ्यायचंय. तुमी म्हणला, "घड्याळ घ्यायचं आन् मला न विचारता?" काठी घेतली, टोपी घातली, निघालाच. मंगलला सुट्टी व्हती. मी कशाला आले? मला बघायचं व्हतं तुमी घड्याळापुढं कसं उभं ऱ्हाता ते.

अस्लमभाईंचं सायकलचं दुकान. पांढरी दाढी, पोटऱ्या दगडासारख्या, सवता बी त्यो माणूस पोहतो, पळतो. त्येनं काचेवर तीन घड्याळं मांडली. तुमी एक उचलून कानाला लावलं.

"टिकटिक कुठाय?"

"आबा, ह्याला टिकटिक नसते."

"मंग चालतंय हे कशावरनं वळखायचं?"

"चार्जिंग केलं तर चालतं. नाही केलं तर आपल्या दोघांसारखं बसून राहतं."

तुमी हसला. पाहिजे तवा तुमी लई गोड हसायचा.

एक घड्याळ नुसत्या चकचकीत काचेचं व्हतं. तुमी त्येच्यावर बोट फिरवलं, चित्रं पळायला लागली. "हे घे ऋतू. फोन बी येतोय ह्याच्यात."

"आबा, पाण्यातून बाहेर आलं की ओल्या बोटाला काच ऐकत नाही. मला बटणं पाहिजेत. एकदा दाबलं की पोहणं संपलं, परत दाबलं की सायकल सुरू."

"मंग हे घे." दुसरं उचललं, काळं, जाडजूड.

अस्लमभाई म्हणलं, "ह्याची बॅटरी जबरदस्त आहे. आठवडाभर बघायला नको."

ऋतुजानं हातात बांधलं. तिचं मनगट म्हंजी उसाचं कांडं. मी म्हणले, "पाटा-वरवंट्यातला वरवंटा बांधलाय जणू." ती हात हलवून म्हणली, "आजी बरोबर बोलली. पोहताना हे फिरणार, मग नाडी नीट मोजत नाही."

तिसरं ऱ्हायलं. हलकं, साधं, कडंला बटणं.

तुमी विचारलं, "पण किती पळाली हे कोण मोजतं? टेप कोण धरतं?"

"वर उपग्रह आहेत आबा, ते बघतात. तुम्ही कुठून निघाले, कुठे पोचले, सगळं वरून."

"म्हंजी पंच वर बसलेत."

"बरोब्बर. आणि वरचे पंच कोणाचे सोयरे नाहीत."

त्येला बिचाऱ्याला काय ठावं. त्यो आपला धंद्याचं बोलत व्हता. मी तुमच्या तोंडाकडं बघितलं. तुमी खाली बघून घड्याळाचा पट्टा चाळवत व्हता. मंगल दाराशी उभी व्हती, ऋतुजाची पिशवी धरून. ती बाहेर रस्त्याकडं बघत व्हती.

अस्लमभाई म्हणलं, "एक खरं सांगतो. मेट्रोच्या पुलाखाली नाहीतर उंच बिल्डिंगांच्या मधी हे जरा गडबडतं. मोकळ्या रस्त्याला एकदम सही." मला ते आवडलं. आपल्याच मालाचं उणं सवताच्या तोंडानं सांगितलं त्येनं.

तुमी खिशात हात घातला आन् तुमचं घड्याळ काढलं. तेच. दोरी नवीन, घड्याळ तेच. "बघू, तुमचं खरं का माझं."

दुकानामागं सोसायटीच्या भिंतीला लागून मोकळा रस्ता हाय. अस्लमभाईंनी खडूनं रेघ मारली. ऋतुजानं हलकं घड्याळ बांधलं. भिंतीच्या टोकाला लिंबाचं झाड, त्येला हात लावून माघारी यायचं. तुमी रेघेवर उभं ऱ्हायला, जसं घाटावर ऱ्हायचा, एक पाय पुढं, कोपर पोटाला. मी तुमच्या शेजारी गेले. कोणी सांगितलं न्हवतं. माझी मी गेले.

ती सुटली. झाडाला हात लावला, वळली, आली. रेघेवरनं जाताना तिचा उजवा हात डाव्या मनगटावर गेला, तिनं तिचं बटण दाबलं. कोणाकडं बघितलं न्हाई, कोणाला विचारलं न्हाई. पुढं जाऊन वळली.

आन् माझ्या कानापाशी वाजलं. टच्.

दोन्ही घड्याळं शेजारी धरली. तुमच्या घड्याळात ऋतुजा मागं पडली व्हती. तिच्या घड्याळात ती पुढं व्हती.

ऋतुजा हसली. "आबा, तुमचा अंगठा म्हातारा झाला."

"उमर आहे," अस्लमभाई म्हणलं.

तुमी बी हसला. मंग मी म्हणले, "तवा तर तरणा व्हता."

ऋतुजाला समजलं न्हाई, ती माझ्याकडं बघायला लागली. मंगलला समजलं. तिनं पिशवी ह्या खांद्यावरनं त्या खांद्यावर घेतली.

तुमी म्हणला, "वहिनी, चला. ऊन झालं."

मी म्हणले, "ऊन तवा बी व्हतं."

तुमी घड्याळाची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. मला वाटलं आता बोलणार. इतकी वर्षं थांबले, आता ह्या रस्त्यावर, अस्लमभाईपुढं, माझ्या लेकीपुढं बोलणार. तुमी घड्याळ खिशात घातलं. मंगलकडं वळला. म्हणला, "मंगल, तू सांग. कुठलं घ्यायचं?"

त्या पोरीला तुमी जन्मात कवा काही विचारलं न्हवतं. पळायचं का, शिकायचं का, नवरा कुठला, काही न्हाई. आन् विचारलं ते घड्याळ.

मंगलनं दुकानात जाऊन तिन्ही घड्याळं एकेक करून हातात घेतली. बटणं दाबून बघितली, डोळं मिटून. लाईनवर वायरीचं टोक बसलं का न्हाई ते त्या पोरी बोटानंच वळखतात, तशी. मंग हलकं पुढं केलं. "हे. दाबलं की बोटाला कळतं." ऋतुजा म्हणली, "मलापण हेच पाहिजे होतं." आपल्या पगारातनं घेतलं तिनं.

येताना तुमी समद्यांना उसाचा रस पाजला. रिक्षात बसून संतोषच्या बैलांचं बोलत ऱ्हायला. मी रस प्याले. चांगला व्हता, आलं घातल्याला.

तुमी वाईटच व्हता असं मला म्हणता आलं असतं तर सोपं झालं असतं. मालक गेलं त्या साली आमचं शेत तुमी नांगरलं, आधी आमचं, मंग तुमचं. जमीन कंपन्यांसाठी गेली तवा मोजणीवाल्यांपुढं माझ्या बाजूनं तुमी उभं ऱ्हायला, म्हणला, "वहिनीच्या बांधाला बोट लावायचं न्हाई." मंगल विधवा होऊन आली तवा ठेकेदाराच्या मागं लागून तिला कंपनीत तुमीच चिकटवली. लोकं म्हणतात, किसननानानं पुतणीसाठी किती केलं. व्हय, केलं. नाव तरी घेतलं का, कशाची भरपाई करताय त्येचं? तोंडानं एकदा म्हणला असता तर ह्यातलं काही केलं नसतं तरी चाललं असतं.

दवाखान्यात तुमाला बघायला आले. दुपारची येळ, संतोष खाली औषध आणायला गेल्याला. नाकाला नळी, छाती वर-खाली. मला बघून तुमचं डोळं भरलं. म्हणला, "वहिनी, बाज्या आठवतो का?"

मी म्हणले, "आठवतो. त्येच्या आधी मंगल पळाली ते आठवतं का?"

तुमी भिंतीकडं तोंड केलं. मी थांबले. मंग तुमी म्हणला, "पाणी." मी चमच्यानं पाणी पाजलं. त्या दिवशी बी मी पाणीच वाटलं व्हतं, भावजी. तुमी मला दोन्ही येळंला त्येच कामाला लावलं.

तुमी गेला तवा मी रडले. खोटं न्हाई रडले. ज्या पोराला न्हाऊ घातलं त्येला शेवटचं न्हाऊ घालताना बघितलं, रडू येणारच. पण रडले म्हणून सोडलं असं न्हाई.

दहाव्याला नदीवर समदी जमली. पिंड ठेवला. कावळा काही शिवंना. झाडावर येऊन बसायचा, मान वाकडी करून बघायचा, उडून जायचा. संतोष हात जोडून म्हणला, "दादा, बैल विकणार नाही." न्हाई शिवला. "दादा, शर्यत भरवतो, तुमच्या नावाची." न्हाई. "तुमचं घड्याळ काचंच्या पेटीत घाटावर ठेवतो, पहिला गाडा त्याच घड्याळावर सोडतो." कावळा उडून पलीकडच्या काठाला गेला. ऊन चढलं. लेकरं भुकेजली. समदी माझ्याकडं बघायला लागली. थोरली मी. कोणीतरी म्हणलं, "मोठ्याई, तुमी काहीतरी बोला. तुमच्यात जीव असंल त्येंचा."

मला ठावं व्हतं कशात जीव हाय. मी पदर तोंडाला लावला आन् गप उभी ऱ्हायले. आज हे सांगायला मला काही वाटत न्हाई. तुमी मला इतकी वर्षं थांबवलं. तुमी थोडं उन्हात थांबला तर काय बिघडलं.

मंग मंगल पुढं झाली. मी तिचा हात धरला, तिनं सोडवून घेतला. पिंडापुढं उभी ऱ्हायली. म्हणली, "काका, तुमचं घड्याळ बरोबर व्हतं. मीच हळू व्हते."

कावळा आला. चोच मारली.

समद्यांनी सुटल्यासारखा श्वास घेतला. संतोष तिच्या पाया पडला. मी बघत ऱ्हायले. पानं वाढली, मी जेवले, अन्नावर माझा राग न्हाई. पण घास गिळताना एकच डोक्यात व्हतं. तिनं तुमाला सोडवायला खोटं सांगितलं, का तिला खरंच तसं वाटतं?

घरी येताना विचारलं. "मंगल, ते खरं बोललीस का खोटं?"

ती म्हणली, "आई, कावळा शिवला ना. झालं मग."

"मी विचारलं ते सांग."

"मला काय माहीत, आई. मी पळत व्हते. पळणाऱ्याला घड्याळ दिसतं का? काकांनी सांगितलं तेच मला माहीत."

म्हंजी बघा. इतकी वर्षं ती ह्येच घेऊन जगतीय, की आपण थोडक्यात कमी पडलो. वसतिगृह गेलं, शाळा गेली, ते आपल्याच पायामुळं गेलं. नवऱ्यानं कधी रागानं म्हणलं, "तुला काही जमत न्हाई," तर ती गप बसायची, कारण तिला ते आधीच कोणीतरी घड्याळ दाखवून पटवलं व्हतं. मी लाखदा सांगितलं, पोरी, तू आधी आल्तीस. ती म्हणती, "तू आई हायेस. तू असंच म्हणणार." आता ऋतुजा म्हणती, "मम्मी, टेकडीवर चल, माझं घड्याळ बांध, बघूया." ती म्हणती, "आता काय बघायचं, गुडघं गेलं." बरोबर हाय. त्या घड्याळात आजचं दिसंल. त्या दिवसाचं कुठल्याच घड्याळात दिसणार न्हाई. वरचे पंच तवा न्हवते. तवा तुमी व्हता.

म्हणून मी तुमाला सोडत न्हाई, भावजी. कावळ्यानं सोडलं, लेकीनं सोडलं, मी न्हाई. वर जिथं असाल तिथं तुमच्या कानापाशी मी उभी हाय असं समजा, कमरेला कळशी घेऊन. तुमची चूक असती तर कवाच विसरले असते, माणसाचा अंगठा चुकतो. तुमचा चुकला न्हाई. तुमी थांबवला. पोर वाकून, वेणी मागं टाकून, हसून होईपर्यंत थांबवला, आन् मंग सोडला. बैलासाठी.

ऋतुजा म्हणतीय, "आजी, संतोषमामा हे छापणार नाही." न छापू दे. मंग शर्यतीच्या दिवशी मी घाटावर येईन आन् तू मोठ्यानं वाचायचं. भोंगा असतोच तिथं. छापलं तर पेटीत घड्याळाखाली ठेव म्हणावं. लोकांनी घड्याळ बी बघावं आन् हे बी बघावं.

आन् हे ज्यो कोणी वाचंल त्येला माझं एक सांगणं हाय. तुमी जर त्या दिवशी तिथं असाल, लाल रिबिनीतली पोर असाल, आता तुमची बी नातवंडं झाली असतील. शिवराम, तू असशील, तुझा झेंडा आधी पडल्याला तू बघितलायस. सर, तुमी असाल कुठं. नाहीतर तुमच्या घरात कोणी म्हातारं असंल जे तवा घाटावर व्हतं, तर त्येला इचारा. मंग आमच्याकडं या. आमी आता संत तुकाराम नगरात ऱ्हातो, कंपनीच्या बसमधनं मंगल दुपारी तिथंच उतरती, कोणी बी दाखवंल. बसा, चहा घ्या. आन् जे बघितलं ते सांगा.

मला सांगू नका. मला ठावं हाय. तिला सांगा.